मिठाची परीक्षा

भोसरीत, एमआयडीसीच्या दोन पत्र्याच्या शेडच्या मधल्या खोलीत
माझ्याकडे सोनं असतं. लाल.
कोकमाच्या सरबतासारखं, बाटलीभर, चार अंशांवर ठेवलेलं.
नवी पोरं विचारतात, मॅडम, सोनं लाल कसं?
मी म्हणते, इतकं बारीक झालं
की पिवळेपणा परवडत नाही.

आज अकरा नळ्या.
सगळ्यांत तेच सोनं, तोच सामू,
प्रतिपिंड तेवढं चढतं:
पहिलीत काहीच नाही, शेवटचीत हात सैल सोडून.
दहा मिनिटं. मग मीठ.
पहिली डोळ्यांदेखत जांभळी, मग निळी.
कण एकमेकांना बिलगले की संपलं.
दुसरी तशीच. पाचवीपर्यंत तशीच.
सहावी लाल राहिली.

मिठाला जागावं, असं घरी शिकवलं होतं.
इथे मिठाला जो बधत नाही, तोच कामाचा.
वहीत लिहिलं: सहा.
आणि वर थोडं, कण्या मोजताना आई टाकायची तसं.

प्रतिपिंड म्हणजे बेचकी.
दोन हात, एक पाय.
नुसतं ओतलं तर कसंही चिकटतं,
पालथं, आडवं, तोंड सोन्यात खुपसून,
हात असून धरायला मोकळे नाहीत.
म्हणून या खेपेला निराळं:
पायाशी साखरेची एक साखळी असते,
तिथेच धरायचं, तिथेच बांधायचं, हात बाहेर.
उरलेल्या फटी गाईच्या रक्तातल्या प्रथिनानं बुजवायच्या,
नाहीतर नको ते येऊन बसतं.
ढमढेरे सर म्हणतात, खर्च वाढेल.
मग थोड्या वेळानं म्हणतात, बघ.

आजा झारेकरी होता.
रविवार पेठेत सोनारांच्या पायऱ्यांखालची माती
पहाटे झाडून आणायचा, गटारातलीसुद्धा,
घमेल्यात धुवायचा, परत धुवायचा.
तळाशी मला कधी काही दिसलं नाही.
तो म्हणायचा, आहे.
पाऱ्याचा थेंब सोडून बोटानं फिरवायचा,
आणि एवढ्या राडीतून पारा
नेमकं तेवढंच धरून आणायचा.
शेवटी शेवटी त्याचे हात थरथरायचे.
आम्ही त्याला वय म्हणायचो.

साडेसहाला पट्ट्या मांडल्या.
रक्तद्रव पातळ केलेलं, दहापट, शंभरपट, हजारपट,
आणि चौथ्या पट्टीवर त्याच्याही दहापट.
जुनं सोनं तिसरीवर थांबतं.
चौथीत आजार असतो, पण आम्ही नाही म्हणतो,
आणि माणूस हसत घरी जातो.

पंधरा मिनिटं. बाहेर शिफ्ट सुटली,
मोटारसायकलींचा धूर खिडकीपर्यंत.
चौथीवर मला रेघ दिसली.
मला दिसली, याला किंमत नाही.
ती दिसावी म्हणूनच तर मी बसले आहे.
म्हणून नियम: तीन जण, काहीही न सांगता,
पट्ट्यांची अदलाबदल करून.

फरझाना म्हणाली, आहे.
सरांनी चष्मा वर केला, खाली केला. नाही.
मग कँटीनचा रेवणसिद्ध, हात फडक्याला पुसत.
पट्टी खिडकीशी तिरकी धरली त्यानं,
इतका वेळ, की मला घमेलं आठवलं.
म्हणाला, ताई, गुलाबी हाय की.
मी कोरी पट्टी पुढे केली.
तिच्यावरही म्हणाला, हाय.
मला बरं वाटावं म्हणून.

वहीत लिहिलं: चौथी, संशय. उद्या पुन्हा.
रेवणसिद्धचं उत्तर खोडलं, चहाचे पैसे दिले.

निळ्या पडलेल्या पाच नळ्या
आणि लाल राहिलेल्या सहा
बेसिनमध्ये नाही ओतायच्या. कोपऱ्यात कॅन आहे.
महिन्याला एक माणूस येतो, कॅन हलवून बघतो,
वजन लिहून घेतो, स्कूटरवर पुढे ठेवून नेतो.
कुठे नेतो, त्यातनं काय काढतो,
कधी विचारलं नाही.
नावसुद्धा नाही.